निम्म्या खर्चात नगर

मी सुनीलची पांढरी गाडी बोलतेय. बोलतेय कसली, तणतणतेय! तिसगावच्या अलीकडं डांबरी सोडली की आमची वस्ती लागते. तिथं लिंबाखाली मी उभी आहे. तुम्ही गाडी घ्यायच्या विचारात असाल, तर जरा थांबा आणि माझं ऐकून घ्या.

मला हौसेनं आणलं नाही, गरजेनं आणलं. सुनीलच्या आईची, रतनबाईंची, दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. दर मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी नऊला नगरच्या दवाखान्यात त्यांचं डायलिसिस असायचं. एक खेप चुकली तरी अंगात पाणी साठतं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. वडापच्या जीपमध्ये बसलं की डिझेलच्या धुरानं त्यांना मळमळायचं, दम लागायचा. दवाखाना येईपर्यंत म्हातारी अर्धी झालेली असायची.

म्हणून सुनीलनं गाडी घ्यायचं ठरवलं. चार महिने त्यानं ओळखीच्या सगळ्यांचं डोकं खाल्लं. मोठी गाडी रुबाबदार, पण तिचं पोट भरता भरता घरच्यांनी उपाशी राहायचं. विजेवरची बघितली, तर वस्तीवरच्या लाईटीचा काय भरवसा? दूध केंद्रावर काम करणाऱ्या माणसाला झेपेल, धूर ओकणार नाही आणि आठवड्याला दोनदा नगर गाठील अशी गाडी त्याला पाहिजे होती.

मी तेव्हा नगरला क्रिस्टीनाबाई नावाच्या शिक्षिकेकडं होते. सहा वर्षांची, गॅसवर चालणारी. सुनीलनं मला चालू करायला लावलं आणि मागं उकिडवा बसला. धुराच्या नळीपुढं तळहात धरला, मग तो हात नाकाला लावला. बायकोला हाक मारली, "अश्विनी, हिकडं ये, वास घे. कायबी न्हाई!" माझं इंजिन आजवर कैक जणांनी बघितलं, पण असं मायेनं कुणी बघितलं नव्हतं. क्रिस्टीनाबाई हसल्या आणि त्यांनी किल्ली दिली.

पहिल्या खेपेला रतनबाई खिडकीला डोकं टेकून नगरपर्यंत झोपल्या. उतरताना माझ्या दारावर हात फिरवून म्हणाल्या, "लई ग्वाड चालती गं बाय तू." खरं सांगते, मी भरून पावले.

तिथंच थांबलं असतं तर किती बरं झालं असतं! पण सुनीलला राहवलं नाही. तिसगावला चहाच्या टपरीवर चारचौघांत तो बोलून गेला, "जीपच्या निम्म्या खर्चात नगर हुतं माझं."

झालं. दुसऱ्या दिवसापासून भावकीची रीघ लागली. कुणाला शेवगावच्या बाजारला जायचं, कुणाला पाव्हणे सोडायचे. जीपवाल्याला असं फुकट कुणी मागत नाही. माझ्या बाबतीत मात्र सगळ्यांचं एकच, "गॅसवर तर चालती, तुला काय पडतंय?" एसी लावायचा, सीटवर भेळ सांडायची आणि टाकी कोरडी करून लिंबाखाली आणून सोडायची. आमच्या बाजूला गॅसचा पंप नाही. नगरला रांगेत थांबून भरलेला गॅस पुढच्या खेपेपर्यंत पुरवावा लागतो. हे कुणाच्या गावी नव्हतं.

अश्विनी चिडायची. "एकदा न्हाई म्हणून बघा की!"

"भावकीत राहायचंय आपल्याला," सुनील म्हणायचा. एवढा शोधून गाडी आणणारा माणूस, पण 'न्हाई' या एका शब्दापाशी त्याची दातखीळ बसायची.

दोन आठवड्यांपूर्वी गुरुवारी त्याचा चुलतभाऊ बजरंग सकाळीच आला. "शिर्डीला जाऊन येतो. सांजच्याला गाडी दारात." सुनीलनं उद्याच्या डायलिसिसची आठवण दिली. बजरंग म्हणाला, "काकू माझी न्हाई का?"

शिर्डीत पोरांनी हट्ट धरला आणि मंडळी लॉजवर मुक्कामाला थांबली. शुक्रवारी सकाळी सहाला सुनीलचा फोन आला. मी शिर्डीतच होते, लॉजच्या दारात. बजरंग माझ्या बॉनेटला टेकून पोहे खात होता. तोंडातला घास न गिळता म्हणाला, "राहुरी टाकली की मागं! आलोच!"

मला आवाज असता तर मी तिथंच बोंब ठोकली असती. मेल्या, खरं सांग! खरं सांगितलं असतं तर सुनीलनं तेव्हाच दुसरी गाडी केली असती. पण 'आलोच' म्हटल्यावर ती माणसं वाट बघत बसली. सातला बसली, आठला बसली. पुन्हा फोन, पुन्हा "आलोच." शेवटी साडेनऊला सुनीलनं आईला उचलून जीपमध्ये घातलं. त्याच धुरात.

मी वस्तीवर पोचले तेव्हा दुपार झाली होती. दाराला कुलूप होतं.

हे आणि पुढचं सगळं अश्विनी शेजारणीला सांगत होती, तेव्हा कळलं. वाटेतच रतनबाईंना दम लागला. नऊचं मशीन दुसऱ्या पेशंटला दिलं होतं. त्यांचा नंबर लागेपर्यंत छातीत पाणी भरलं. रविवारी त्या गेल्या. ज्या बाईसाठी मला शोधून आणलं, तिच्याच कामाला मी आले नाही. हे मला गिळवत नाही.

तेव्हा बाबांनो, गाडी घेताना किलोभर गॅसला किती जाते ते विचारा, धूर किती सोडते तेही हुंगून बघा. पण त्याच्याआधी आपल्या माणसांना नाही म्हणता येतं का, ते घरी बसून ठरवा. ते जमणार नसेल तर आपली जीपच बरी.

काल दहावा झाला. सगळ्या भावकीनं डोक्याचे गोटे केले, बजरंगनंही केला. जेवणं उरकल्यावर तो सुपारी चघळत सुनीलपाशी आला.

"परवा कोपरगावला पोरगी बघायला जायचंय. आता मंगळवार-शुक्रवार गाडी मोकळीच की."

अश्विनी हातातलं पातेलं तसंच धरून उभी राहिली. सुनीलनं बजरंगकडं बघितलं. मग खिशातून किल्ली काढून त्याच्या हातावर ठेवली.

"सावकाश जा," म्हणाला.

उद्या बजरंग येईल. मला जायचं नाही हो. पण माझा जन्मच असला, किल्ली कुणीही फिरवली तरी मी चालू होते.