चर्चच्या बाजूला लावलेली काठी

मित्रांनो, मी एक जुनी काठी आहे, पण म्हाताऱ्यांच्या हातातली नव्हे आणि गुरं हाकायचीही नव्हे. मी वीज खात्यातली अर्थिंगची काठी. माझ्या डोक्यावर तांब्याचे आकडे आहेत आणि पायाशी तांब्याची लांब तार. लाईन बंद केली, की माणूस खांबावर चढण्याआधी माझे आकडे वरच्या तारांत अडकवायचे आणि माझी तार जमिनीत ठोकलेल्या लोखंडी खुंटीला बांधायची. मग त्या बंद तारांत चुकून कुठून करंट आलाच, तर तो माणसाला सोडून माझ्यातून जमिनीत जातो. एवढंच माझं काम. ते करायची वेळ क्वचितच येते, आणि वेळ आली नाही की लोक म्हणतात, हिची गरजच काय होती?

कारखान्यातून मी थेट बाजारहत्नूरच्या सबस्टेशनात आले. तिथल्या मंडळींनी माझं स्वागत कसं केलं म्हणाल, तर मला दोन खिळ्यांवर आडवी टाकली आणि माझ्यावर ओल्या बनियनी वाळत घातल्या. कामावर निघताना पक्कड घ्यायचे, दोर घ्यायचे, तंबाखूची डबी तर विसरायचेच नाहीत. मला उचलायचा मात्र सगळ्यांना कंटाळा. मला फार राग यायचा, पण काठीच्या रागाला कोण भीक घालतो?

मग नवे इंजिनिअर आले, रविकांत. त्यांनी पहिल्याच दिवशी माझ्यावरच्या बनियनी काढल्या, मला घरी नेलं आणि बायकोकडे चिंच मागितली. रूपालीताईंना वाटलं, साहेबांना आमटी करायची हुक्की आली. साहेबांनी त्या चिंचेनं माझे आकडे घासले. आकडे असे लखलखले, की त्यांची छोटी आरोही त्यात तोंड पाहून दात मोजत बसली. त्या दिवसापासून मी साहेबांच्या जीपच्या टपावर राहू लागले.

रविकांत मूळचे मुधोळचे. त्यांचे वडील सुधाकरराव शाळेत विज्ञान शिकवायचे. बॅटरीचा सेल आणि छोटा बल्ब घेऊन वीज म्हणजे काय, हे मुलाला त्यांनीच पहिल्यांदा दाखवलं. निवृत्तीनंतर ते मुलाकडे राहायला आले आणि गावातल्या छोट्या चर्चचे पुढारी झाले. रविवारी उपासनेला रविकांत पेटी वाजवायचे. जीप बाहेर लिंबाखाली उभी असायची आणि मी टपावर पडून गाणी ऐकायचे. साहेब प्रार्थनेला डोळे मिटायचे, पण खिशातला फोन कधी बंद करायचे नाहीत. लाईनवर कुणी चढलेलं असलं, तर आमेन म्हणून होताच बाहेर यायचे आणि विचारायचे, "उतरला का खाली?" रूपालीताई हसून म्हणायच्या, "देवाले एक रविकांत, घराले एक अन् करंटले एक, असे तीन पाह्यजेत."

असा माणूस. पण दिव्याखाली अंधार म्हणतात तो काही खोटा नाही.

चर्चला एक जुनं जनरेटर होतं. करंट गेला, की सुधाकरराव दोन्ही टोकांना पिना असलेली एक वायर काढायचे. एक टोक जनरेटरला, दुसरं भिंतीतल्या सॉकेटला, की सगळं चर्च उजळायचं. ही फार वाईट युक्ती आहे, मित्रांनो. मेन स्विच आधी खाली केला नाही, तर जनरेटरचा करंट चर्चमध्ये थांबत नाही. तो उलटा फिरून रस्त्यावरच्या खांबावर जातो, आणि खांबावरच्या माणसाला वाटत असतं की तारा मेलेल्या आहेत. हे टाळायला एक स्विच मिळतो. त्याचा दांडा एका वेळी एकाच बाजूला पडतो, एक तर लाईनकडे, नाही तर जनरेटरकडे. रविकांतनी त्या स्विचचा डबा विकत आणला होता. पोळ्यापासून तो त्यांच्या कपाटावर पडून होता. दर रविवारी उपासना संपायची, कुठून तरी फोन यायचा आणि डबा पुढच्या रविवारवर जायचा.

"बाबा, मेन खाली केल्याबिगर जनरेटर लावू नका," ते वडिलांना बजावायचे.

"मले शिकवतं काय? तुले म्याच शिकवलं," सुधाकरराव म्हणायचे. आणि खरंच, ते न चुकता मेन खाली करायचे.

दरम्यान सबस्टेशनात हलक्या वजनाची नवी काठी आली. नव्याचे नऊ दिवस, असं मी मनाची समजूत घालत राहिले, पण नवीला टप मिळाला आणि मी जीपच्या मागच्या सीटखाली गेले.

अशात कापणीचा सण आला. या सणाला चर्चची माणसं शेतातलं पहिलं पीक घेऊन येतात. कुणी ज्वारीची कणसं, कुणी कापसाची ओंजळ, कुणी भोपळा, कुणी पाय बांधलेला कोंबडा. उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो आणि मोठी धमाल उडते. त्या वर्षी आरोही पहिल्यांदा सगळ्यांपुढे एकटी गाणार होती. पप्पा पेटीवर असतील तरच गाईन, असं तिनं आधीच कबूल करून घेतलं होतं.

उपासना दुपारी होती. साहेब कोरा शर्ट घालून निघणार, तेवढ्यात फोन आला. कापसानं डोंगराएवढी भरलेली एक ट्रॉली चर्चच्या रस्त्यावरून गेली होती आणि जाताना तारा तोडून गेली होती. अर्ध्या गावाचा करंट गेला, चर्चचाही.

खांब चर्चपासून हाकेच्या अंतरावर होता. लाईनमन महिपत तिथे आधीच पोचला होता. त्यानं लाईन बंद करून घेतली, ट्रान्सफॉर्मरच्या बाजूला नवी काठी लावली आणि कमरेचा पट्टा आवळला. चर्चची घंटा वाजली. साहेबांचा फोनही वाजला. पलीकडून सुधाकरराव विचारत होते, "करंट कधी येते रे? सगळे येऊन बसले."

"अर्धा घंटा लागते, बाबा. थांबा जरासे."

महिपत खांबाला हात घालणार, इतक्यात साहेब म्हणाले, "थांब. चर्चच्या बाजूलेबी काठी लाव."

"तिकडं काऊन, सार? करंट तं इकडूनच येते. तिकडं तुमचं देऊळ हाय अन् चार घरं."

मी सीटखाली श्वास रोखून होते. खरं सांगू? साहेब क्षणभर घुटमळले. घंटा पुन्हा वाजली. रूपालीताईंचा फोन येऊन बंद झाला. पोरगी तिकडे दाराकडे बघत असणार, हे त्यांना ठाऊक होतं. मला काढायचं, खुंटी ठोकायची, आकडे अडकवायचे, म्हणजे आरोहीचं गाणं हातचं जाणार. आणि महिपतचं म्हणणं शंभरातल्या नव्याण्णव वेळा बरोबरच असतं.

"लाव म्हटलं ना," साहेब म्हणाले, आणि त्यांनी स्वतःच मला बाहेर ओढलं.

खुंटी ठोकली. माझे आकडे चर्चकडे जाणाऱ्या दोन्ही तारांत अडकले. महिपत तोंडातल्या तोंडात पुटपुटत वर चढला. त्यानं तुटलेल्या तारेचं टोक उघड्या हातात धरलं.

तेवढ्यात चर्चच्या बाजूनं जनरेटरची धडधड ऐकू आली.

माझ्या अंगातून आग गेली. आकड्यांवर निळी ठिणगी फुटली आणि फटाका वाजावा तसा आवाज झाला. जनरेटर खोकून बंद पडलं. महिपतच्या हातातली तार सुटली आणि तो पट्ट्यावर लटकत राहिला.

"महिपत!"

"हाव, सार. हाय मी."

"तारेले हात लावू नको. खांबाले धर."

साहेब चर्चकडे धावत सुटले. पण जनरेटर आपोआप बंद पडलं असं समजून तिकडे सुधाकररावांनी ते सुरू करायची दोरी पुन्हा ओढली. दुसरी ठिणगी पडली. माझा एक आकडा वितळून तारेला चिकटला. मी फार घाबरले होते. आता तिसऱ्यांदा करंट आला तर मी तग धरेन की नाही, मला माहीत नव्हतं. जनरेटर परत बंद पडलं. मी वाट बघत राहिले आणि वर महिपतही वाट बघत राहिला. खांबाला मिठी मारून तो तसाच राहिला.

तिसऱ्यांदा आवाज आला नाही.

थोड्या वेळानं साहेब आले. त्यांच्या मागे सुधाकरराव होते, पांढऱ्या स्वच्छ कपड्यांत, हातात ती दोन पिनांची वायर. महिपत कसाबसा खाली उतरून खांबाला टेकून बसला होता.

"कोनं सोडला करंट, सार?" त्यानं विचारलं.

साहेबांना म्हणता आलं असतं, चौकशी करतो. वडील होते, चर्चचे पुढारी होते, सणाचा दिवस होता. पण ते म्हणाले, "माह्या बाबानं. अन् म्या."

"त्याची काही चूक नाई," सुधाकरराव म्हणाले. "मेन खाली करायचं म्याच विसरलो. लोकं थांबले होते, घाई झाली." त्यांनी महिपतपुढे हात जोडले. "लेकरा, मले माफ कर."

"मेन विसरू शकते कोनीबी," साहेब म्हणाले. "म्हणूनच तो डब्बा लावाचा होता. तो पोळ्यापासून माह्या कपाटावर हाय."

महिपत माझ्या वितळलेल्या आकड्याकडे बघत राहिला. मग उठून त्यानं पट्टा पुन्हा आवळला. "सार, तुमी जाऊन तो डब्बा लावा. मी जोड पुरा करतो. ही काठी तेवढी काढू नका."

साहेबांनी ती दोन पिनांची वायर पक्कडीनं मधोमध कापली आणि डबा आणायला घरी गेले. उपासना खिडक्यांतून येणाऱ्या उजेडात सुरू झाली. आरोही पेटीशिवायच गायली. सुरुवातीला तिचा आवाज जरा बसला, मग मोकळा झाला. तिचे पप्पा पेटीपाशी नव्हते. भिंतीपाशी वाकून ते स्विच बसवत होते.

सुधाकरराव मात्र चर्चमध्ये गेले नाहीत. त्यांच्या मंडळीचा वर्षाचा सण आत चालला होता, लिलावाचा हशा बाहेर ऐकू येत होता आणि ते मुलानं सांगितलं तेवढं अंतर राखून खांबाजवळ उन्हात उभे होते. वर पाहत होते. ओठ हलत होते. मला नीट ऐकू आलं. ते एकच नाव पुन्हा पुन्हा घेत होते, "महिपत, महिपत." तो खाली उतरून चप्पल घालेपर्यंत ते जागचे हलले नाहीत.

आता मी कामातून गेले आहे. वितळलेल्या आकड्याची काठी वापरायची नसते, असा नियमच आहे. सबस्टेशनात पुन्हा त्याच दोन खिळ्यांवर पडून असते, फक्त माझ्यावर आता कुणी बनियनी टाकत नाही. महिपतच टाकू देत नाही.

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा, असं मी म्हणणार नाही, माझे दिवस संपले. पण तुमच्या घरची लाईट गेली, की लगेच चिडू नका आणि कुठलीही वायर कुठेही खुपसू नका. आधी मोठ्यांना एवढंच विचारायला सांगा, खांबावर कोण चढलंय? सुधाकरराव आता प्रत्येक वेळी सबस्टेशनला फोन करून ते नाव विचारून घेतात. मग चर्चमध्ये सगळ्यांना मोठ्यानं सांगतात. आणि नवा स्विच बसलेला असूनही, तो माणूस खाली उतरल्याचं कळेपर्यंत लोक अंधारात बसून राहतात.