खालून लागणारी थंडी

दुकानातल्या बाईंनी चष्मा नाकावर खाली ओढला, छापील कागद पुढ्यात घेतला आणि पेन झटकलं. पिसांची रजई स्वस्तातली हवी असेल तर आधी कागद भरायचा, हा त्यांचा शिरस्ता.

"महागातली घेतली की चूक खपून जाते, दादा. स्वस्तात चुकायला जागाच नसते. हं, सांगा."

कोणासाठी?

मुलीसाठी.

एवढं समोरच्या गिऱ्हाइकाने धडाधड सांगितलं. येत्या शनिवारी ती येणार होती. तळ्याकाठी, दोन झाडांना बांधलेल्या झोळीत, एक रात्र झोपायला. तीन वर्षांनी. अट एकच होती आणि तीही तिच्या आईने कळवलेली: थंडी वाजता कामा नये. ही रात्र नीट गेली तर पुढच्या येतील. नाही गेली तर काय, हे तो मनातल्या मनातसुद्धा बोलत नव्हता.

उंची?

त्याने हात छातीपाशी धरला. "एवढी. आम्ही बुटकीच म्हणतो तिला."

"वय?"

"पंधरावं लागलंय."

बाईंनी हाताकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "पंधराव्या वर्षी एवढीशी? शेवटचं कधी बघितलंत?"

"दर रविवारी बघतो की." मग आवाज खाली आला. "फोनवर."

नवरा-बायको वेगळे झाल्यावर पहिलं वर्षभर महिन्याकाठी भेट व्हायची. मग परीक्षा आल्या, मग शिकवण्या, मग नुसतेच रविवार. फोनवर माणसाचा चेहरा तेवढा वाढतो. बाकीचं अंग कुठवर गेलं ते कोण दाखवतंय?

"राहू द्या हा रकाना," बाई म्हणाल्या. "मागाहून भरू."

किती थंडीत वापरणार?

इथे गडी खुलला. "मॅडम, सतरा वर्षं शीतगृहात काढलीत. उणे अठरामध्ये खोकी रचतो. दार उघडलं की माझ्या नाकातला केस सांगतो आत पारा किती."

"तुमच्या नाकातला केस झोपणार आहे का झोळीत?"

तो हसला. बाईंनी रजईच्या पिशवीवरचं लेबल बोटाने ठोकलं. "इथे शून्य लिहिलंय. म्हणजे शून्य अंशात माणूस सकाळी जिवंत सापडेल. त्याला झोप लागेल असं कंपनी म्हणत नाही. झोप हवी असेल तर पाच-सहा अंश हातचे धरा. पिसं बदकाची घ्या. हंसाची हलकी असतात, पण तुमच्या खिशाला जड जातील. बदकाची ओलावली की जरा वास मारतात, एवढंच."

पाठीवर झोपते की कुशीवर?

"पालथी. एक पाय पांघरुणाच्या बाहेर."

"झोळीत पालथं नाही झोपता येत, दादा. केळं होईल पोरीचं."

पोरगी पालथी झोपायची ती पाच वर्षांची असताना, हे त्याला सांगून झाल्यावर आठवलं. तोवर बाईंनी लिहून घेतलं होतं.

वरची रजई की खालची?

"वरचीच. खालची म्हणजे काय?"

बाई काउंटरच्या बाहेर आल्या. कोपऱ्यात नमुन्याची झोळी टांगलेली होती, आणि तिच्या पोटाखाली, बाहेरून, दोरीला अडकवलेली एक रजई. त्यांनी त्याचा हात धरून दोन्हींच्या मधे घातला. आत ऊब होती, नुकतंच कुणी उठून गेल्यासारखी.

"पिसांची ऊब म्हणजे त्यांच्यात अडकलेली हवा. अंगाखाली पीस दबलं की हवा गेली, आणि ऊबही गेली. झोळीत खालून वारं लागतं. वरून चार पांघरुणं घाला नाहीतर दहा, पाठ बर्फच. म्हणून खालची अशी बाहेरून टांगायची, दबणार नाही अशी. दोन्हींना पैसे पुरत नसतील तर आधी खालची घ्यायची. वरून काय, घरची गोधडीसुद्धा चालते."

त्याने हात बाहेर काढला नाही.

तीन वर्षांपूर्वी, त्याच तळ्याकाठी, अकरा वर्षांच्या पोरीने त्याला हलवून उठवलं होतं. बाबा, पाठ गार पडलीय रे. त्याने आपलंही पांघरूण तिच्यावर टाकलं आणि म्हणाला, ही कसली थंडी, चल तुला माझं ऑफिस दाखवतो एकदा. आणि हसला. तासाभराने तिने पुन्हा हाक मारली. तेव्हा तो वैतागला. नाटकं पुरे आता, झोप. त्यानंतर तिने हाक मारली नाही. सकाळी पाहिलं तर ती गाडीत बसलेली, गुडघे पोटाशी, ओठ निळे. आईने दारात तिच्या कपाळाला हात लावला आणि त्याच्याकडे न बघता दार लावून घेतलं.

आजवर तो धरून चालला होता की पोरगी नाजूक आहे, आईवर गेलीय.

आणि शीतगृहात काय करायचे सगळे? बुटात पुठ्ठा घालायचे. पहिल्याच दिवशी मुकादमाने सांगितलं होतं, गारठा तळव्यातून चढतो. सतरा वर्षं तो रोज सकाळी पुठ्ठा कापून बुटात सरकवत होता. आणि पोरीच्या पाठीखाली कापडाचा एक पदर सोडून काही नव्हतं.

थंडी जास्त वाजते का?

(कोरा.)

उंची?

त्याने फोन लावला. पोरीच्या आईने उचलला.

"उंची? कुणाची?"

"तिची."

"म्हणजे तुला माहीत नाही." हे विचारणं नव्हतं. "पाच फूट साडेपाच. माझ्या डोक्यावरून बघते हल्ली. थांब, तिला तुझ्याशी बोलायचंय. कालपासून घोकतेय काय बोलायचं ते."

"अहो बाबा."

अहो. पूर्वी ती 'ए बाबा' म्हणायची. कधी बदललं हे? रविवारच्या फोनवर कसं कानावरून गेलं?

"बोल गं. आणि ऐक, मी खालची रजईसुद्धा घेतोय. त्या वेळी चूक माझी होती. आत्ता कळलं मला. तू खरं..."

"बाबा, मी दिवसा येते. संध्याकाळी पाचपर्यंत परत सोडा. झोपायला नको."

"अगं, या खेपेला नाही वाजणार थंडी."

"आणि वाजली तर?"

"तर मला उठव. दहा वेळा उठव."

मग ती म्हणाली, अगदी समजुतीने, मोठ्या माणसाने लहानाला सांगावं तशी, "नाही उठवणार मी. मला माहितीये ना. पडून राहीन तशीच. मग कशाला यायचं?"

बाई उगाच पिशव्यांची रांग सरळ करू लागल्या.

"बाबा? आहात ना?"

"आहे." त्याने मनाशी हिशेब मांडला. दहाला निघालं की बाराला तळं. पाचला पोचायचं तर तीनला परत फिरायचं. "तीनच तास मिळतील गं आपल्याला."

"चालतील."

"मग झोळी राहू दे घरीच?"

"आणा ना. मी बसेन तिच्यात." आणि घाईने, "आडवी नाही होणार."

"बरं. नुसती बस."

त्याने फोन ठेवला. बाईंनी खालची रजई दोरीवरून सोडवली होती आणि मुठी मुठीने पिशवीत कोंबायला घेतली होती.

"मॅडम, झोळीत नुसतं बसलं तर खालून गार लागतं का?"

बाईंचा हात थांबला. "बसलं तरी लागतं, दादा."

"दिवसासुद्धा?"

"वारं असलं तर दिवसासुद्धा."

"मग हीच द्या," तो म्हणाला. "लांबीला पूर्ण. पाच फूट साडेपाचची."