बिनलेबलचे डबे

दुपार कलली की स्वस्त मालाच्या दुकानात काही सभ्य माणसं जमतात आणि आपण कशाचीच वाट बघत नाही असं एकमेकांना दाखवतात. कोणी बिस्किटाच्या पुड्यामागचा बारीक मजकूर वाचतं. कोणी घरात मांजर नसताना मांजराच्या खाण्याची चौकशी करतं. एक टोपीवाले गृहस्थ तर साबणांसमोर असे उभे राहतात, की साबणांनीच त्यांना भेटायला बोलावलं असावं. मग आतल्या दारातून लाल चिठ्ठ्यांचं यंत्र घेतलेली मुलगी येते. ज्या मालाची तारीख आज संपते, त्यावर ती लाल चिठ्ठी चिकटवते आणि तो माल चिल्लरीत मिळतो. तिचा हात पाकिटावरून उठायच्या आत दुसरा हात तिथं पोचलेला असतो. सभ्यपणा तेवढ्यापुरता काढून ठेवायचा. बाहेर पडताना परत घालता येतो.

वन्सं या मंडळींतल्या मुरलेल्या. त्यांना वन्सं म्हणणारं जगात एकच माणूस उरलं होतं, त्यांची भावजय, आणि ते माणूस दुकानामागच्या पार्किंगमध्ये, बंद पडलेल्या व्हॅनमध्ये, रिकामं पातेलं मांडून बसलेलं असायचं.

व्हॅन वन्संच्या भावाची. त्याची लाँड्री होती. भाऊ गेला, मागोमाग लाँड्री गेली, लाँड्रीच्या डोक्यावरचं घर गेलं. व्हॅन तेवढी गेली नाही, कारण तिचं इंजिन चालत नव्हतं. तिच्या अंगावर अजूनही मोठ्या अक्षरांत ‘आज द्या, उद्या न्या’ असं लिहिलेलं आहे आणि अधूनमधून कोणीतरी दार ठोठावून शर्ट पुढं करतं. आत कपडे टांगायची दांडी. दांडीच्या अलीकडे वहिनी झोपते, पलीकडे वन्सं, आणि मध्ये गिऱ्हाइकांनी न नेलेले कोट. नणंद-भावजयीत एवढी लोकरीची भिंत असली की दिवस निभतात.

पार्किंगमध्ये राहायला परवानगी नव्हती. वॉचमन पहिल्याच दिवशी काठी आपटत आला होता. नेमका तेव्हाच वहिनीनं कांदा परतायला घेतलेला. काठी आपटायची थांबली. “काय करताय?” त्यानं विचारलं. “जेवण,” वहिनी म्हणाली. “बसा.” तो बसला. जेवला. जाताना म्हणाला, “आज राहू दे.” तेव्हापासून रोज तो जेवायचा आणि रोज म्हणायचा, “आज राहू दे.” या तीन शब्दांवर दोघींचं छप्पर उभं होतं.

हळूहळू वॉचमनची जीभ वाढली. आधी तो मिळेल ते खायचा. मग “कालचंच आहे का?” असं विचारू लागला. मग काकडी नसली की कपाळाला आठी. दोघी मागून जेवायच्या, उरलं तर. वन्सं एकदा म्हणाल्या, “वहिनी, जरा वाईट करत जा. फार चांगलं झालं की तो दुसऱ्यांदा घेतो.”

“वाईट कसं करायचं?”

“म्हणजे काय! करपव. जगात एवढ्या बायका करतात.”

“मला नाही जमत, वन्सं.”

खरंच जमत नव्हतं. सुरकुतलेली भोपळी मिरची, चेपलेल्या डब्यातले मटार, फाटक्या पुड्यातली मॅकरोनी हिच्या हातात आली की शहाण्यासारखी वागायची. हा गुण घरात असताना कोणाच्या लक्षात आला नव्हता. तिथं सासरची माणसं होती.

तर त्या दिवशी सकाळी वॉचमन नेहमीचं “आज राहू दे” न म्हणता पायरीवर घुटमळला.

“उद्या साहेब येणार आहेत,” तो म्हणाला. “पार्किंगचे मोठे साहेब. पांढऱ्या रेघा नव्यानं मारायच्यात. गाडी हलवा म्हणतील.”

“हलत नाही ती,” वन्सं म्हणाल्या.

“तेच. मग उचलून नेतील. भंगारात.” मग त्यानं आवाज खाली आणला. “पण मी सांगून ठेवलंय, साहेब, आधी एकदा जेवून बघा, मग बोला. दुपारी आणतो त्यांना. वहिनी, काहीतरी झकास होऊ दे! माझी अब्रू आहे.”

त्याची अब्रू आणि यांचं घर एकाच पातेल्यात पडलं.

म्हणून वन्सं आज दुकानात जरा लवकरच आल्या होत्या आणि साबणांच्या रांगेत टोपीवाल्यांना कोपरानं सरकवून पुढं उभ्या होत्या. आतलं दार उघडलं. मुलगी आली. हात रिकामे.

“चिठ्ठ्या बंद,” ती म्हणाली. “आजपासून तारखेचा माल परत जाणार. वरून हुकूम आलाय.”

“कोणाच्या वरून?” टोपीवाल्यांनी विचारलं.

“माझ्या वरून, काका. माझ्या वर सगळेच आहेत.”

पाळतीवर असलेल्यांना दुःखही उघडपणे करता येत नाही. बिस्किटवाल्यानं पुडा जागेवर ठेवला आणि मांजरवाली तर मांजर गेल्यासारखी निघून गेली.

वन्संच्या तोंडचं पाणी पळालं होतं. त्यांनी दुकान पालथं घातलं. दाराशी एका टोपलीत डबे होते, पत्र्याचे, लेबल निघालेले. आत काय आहे ते दुकानालाही ठाऊक नसल्यामुळे जवळजवळ फुकट. वन्संनी ओंजळभर उचलले, कानाशी हलवून पाहिले, आणि आतून जो आवाज आला त्यावरून एवढंच कळलं की डबे भरलेले आहेत. उरलेल्या चिल्लरीत थोडे कांदे आणि शिळ्या पावाची लादी बसली. एवढ्यात त्यांना दिसलं, टोपीवाल्यांच्या पिशवीत हुकूम यायच्या आधी चिठ्ठी लागलेलं शेवटचं मश्रूमचं पाकीट आणि सायीचा डबा. लाल, लखलखीत.

“अहो, ते मला द्या,” वन्सं म्हणाल्या.

“का?”

वन्संना खोटं छान येत असे. पाहुणे आहेत, नातवाचा हट्ट आहे, डॉक्टरांनी सांगितलंय. पण त्या दिवशी घशातून दुसरंच आलं. “आम्ही मागं गाडीत राहतो. उद्या साहेब जेवायला येणार आहेत. त्यांना नाही आवडलं तर गाडी उचलणार. मग आम्ही रस्त्यावर.”

टोपीवाल्यांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. “लाँड्रीची गाडी? ‘आज द्या, उद्या न्या’?”

“हो.”

“माझी एक पँट आहे तुमच्याकडे. राखाडी.”

राखाडी पँटची उशी झाली होती.

“असू दे,” टोपीवाले म्हणाले आणि पाकीट, डबा दोन्ही पुढं केले. “तशीही आता मला कमरेत होणार नाही. सैल पडेल.” आणि ते टोपी सावरून, साबण न घेता, निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी डबे फोडायचा कार्यक्रम झाला. पहिल्यात पीचच्या फोडी निघाल्या. दुसऱ्यातही पीच. वन्संनी तिसरा फोडताना डोळे मिटले. “वहिनी, परत पीच निघालं तर साहेबांना सांगू, आमच्यात जेवणाची सुरुवात, मध्य आणि शेवट गोडानंच करतात.” तिसऱ्यात पांढरा राजमा होता. चौथ्यात टोमॅटो. वहिनीनं बाह्या सारल्या, आणि वन्संना पहिल्यांदा वाटलं, जमेल.

तिनं कांदा मंद आचेवर इतका वेळ ठेवला की तो मधासारखा झाला. मश्रूम कोरडेच भाजले. राजमा टोमॅटोत शिजत ठेवला, वर पीचच्या पाकातला एक चमचा, मिरपूड, आणि शेवटी साय. शिळा पाव तव्यावर खरपूस केला. वास मागच्या दारातून बाहेर पडला तसा पार्किंगमध्ये गाडी लावायला आलेला एक माणूस चावी हातात घेऊन नुसताच उभा राहिला.

वन्सं अस्वस्थ होऊ लागल्या. सकाळपासून त्यांच्या डोक्यात एक विचार कुरतडत होता.

“वहिनी, आपलं चुकतंय.”

“काय चुकलं? मीठ?”

“साहेबाला दया यायला हवी. दया यायची तर जेवण बेचव पाहिजे. दोन म्हाताऱ्या, पाणचट सूप, वरून एकीला खोकला. मी खोकते. पण हे असलं खाऊन कोणाला दया येईल?”

“पाहुण्याला मी पाणचट वाढू?”

“पाहुणा कसला! जप्ती आणणारा माणूस आहे तो.”

“ताटावर बसला की पाहुणाच, वन्सं.”

“आपण राहायचं कुठं त्याचा विचार कर जरा!”

“तोच तर करतेय.” वहिनीचा आवाज चिरकला. “माझ्याकडे दुसरं काय आहे? घर नाही, नवरा नाही. हे एक येतं. हेही मुद्दाम बिघडवायचं, तर मी कोण उरले?”

वहिनी तोंड धुवायला नळावर गेली. वन्संनी मिठाची मूठ भरली. पातेल्यावर हात धरला. टाकण्याआधी किती टाकायचं ते कळावं म्हणून चमचाभर चव घेतली, आणि तिथंच त्या फसल्या. मूठ तशीच धरून त्या उभ्या राहिल्या. मग आणखी एक चमचा घेतला. मग मीठ बरणीत परत गेलं.

साहेब आले. अपेक्षेपेक्षा तरुण, इस्त्रीचा शर्ट, तोंडावर काम संपवून निघायची घाई. वॉचमननं त्यांच्यासाठी स्वतःची खुर्ची आणली होती आणि स्वतः मागं हात बांधून उभा होता, वाढप्यासारखा.

“मी फक्त चव बघतो,” साहेब म्हणाले.

चव बघता बघता ताट संपलं. दुसरं घेतलं. पावाच्या तुकड्यानं ताट पुसलं, बोट पुसलं, मग कोणी बघत नाही असं समजून पातेल्याकडे बघितलं. वहिनीनं न विचारता वाढलं. पीचच्या फोडी सायीबरोबर आल्या तेव्हा साहेबांनी डोळे मिटले. वॉचमननं वन्संना हळूच डोळा मारला. वन्संच्या जिवात जीव आला. त्या खोकायचंही विसरल्या.

“अप्रतिम,” साहेब म्हणाले. “रोज असंच करता?”

“रोज, साहेब!” वॉचमन उसळून म्हणाला. “मी रोज इथंच जेवतो. त्या बँकेसमोरच्या हॉटेलात नाही मिळायचं असलं.”

“रोज,” साहेब म्हणाले. “बदल्यात काय?”

“बदल्यात... म्हणजे... राहू देतो.”

साहेबांनी रुमालानं तोंड पुसलं. पुसून झाल्यावर ते तोंड वेगळं होतं.

“हे बघा बाई, गाडी बंद पडलीय, दोन गरजू बायका आहेत, असं मी वर लिहिणार होतो. त्याला सवलत मिळते थोडी. पण ही खानावळ झाली. विनापरवाना. गाड्यांच्या मध्ये स्टोव्ह पेटवून. हे मी नाही लिहिलं तर माझी नोकरी जाईल.”

“कसली खानावळ!” वन्सं म्हणाल्या. “साहेब, हे डबे बघा. टोपलीतला माल. कोणी घेत नाही तो. आज काय खायचं ते काल माहीत नव्हतं, उद्याचं आज माहीत नाही.”

साहेबांनी रिकामा डबा उचलून फिरवून पाहिला. “यावर तर काही लिहिलेलंच नाही.”

“म्हणून तर स्वस्त!”

“बाई, मी हॉटेलात जेवणारा माणूस आहे. चिल्लरीत हे होत नाही.” ते उठले. आवाजात राग नव्हता. खरं म्हणजे थोडा आदरच होता, आणि तोच नडला. “असं रांधणारी माणसं अडचणीत नसतात. तुमचं कुठंही होईल. संध्याकाळी गाडी उचलायला येतील.” जाता जाता वळून म्हणाले, “मश्रूम मात्र... वा.”

वॉचमन खुर्ची घेऊन त्यांच्यामागून गेला. काही वेळानं एकटाच परत आला, उंबरठ्याशी थांबला. “मी चांगलंच सांगत होतो हो,” तो म्हणाला. मग तो आपली काठी घेऊन गेटकडे गेला.

वन्सं वहिनीला बोलणार होत्या. शब्द तोंडाशी होते, सगळे तयार, धार लावलेले. पण आपण मूठ मागं घेतली होती हे त्यांना ठाऊक होतं, आणि वहिनी कोटांची गाठोडी बांधत होती, एकेक कोट झटकून, जणू उद्या गिऱ्हाइकं न्यायला येणार आहेत.

ऊन उतरल्यावर क्रेन आली. क्रेनवाला दणकट, अंगावर ग्रीसचे डाग, सकाळपासून गाड्या उचलून वैतागलेला. त्यानं चाकांखाली पट्टे घातले.

“आत बसून येऊ का?” वन्संनी विचारलं.

“बसता येत नाही, मावशी. नियम आहे.”

“नेणार कुठं?”

“गावाबाहेर, भंगाराच्या आवारात.”

“तिथं गेटवर कोण असतं?”

“आधी एक जण होता. आता कोणी नाही. कॅमेरे लावलेत.”

वन्सं वहिनीकडे बघायला वळल्या. वहिनी फूटपाथवर, गाठोड्यांच्या मध्ये, पातेलं पेटत्या स्टोव्हवर ठेवून उभी होती. तळाशी थोडं उरलं होतं. दोघींनी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. क्रेनवाल्यानं शेवटचा हूक हातात घेतला आणि तसाच थांबला. नाक वर केलं.

“कसला वास येतोय हो?”

वहिनीनं झाकण काढलं. “जेवलात का?”

“कुठलं जेवण! सकाळपासून नुसता चहा.”

“बसा मग,” वहिनी म्हणाली.

तो घुटमळला, गाडीकडे बघितलं, पातेल्याकडे बघितलं, हूक जमिनीवर ठेवला आणि फूटपाथच्या कडेला बसला. वहिनीनं ताट पुढं केलं. पहिला घास गेला आणि त्याचा हात लगेच दुसऱ्या घासाकडे वळला. व्हॅन पट्ट्यांवर टेकून जागच्या जागी उभी होती.

वन्संनी पातेल्यात डोकावून पाहिलं, मग वहिनीच्या कानाशी लागल्या.

“छोटा डाव घे,” त्या म्हणाल्या. “आणि थोडं थोडं वाढ.”