दोन्ही बाह्या डाव्या

"काही वेगळं वाटलं, अगदी क्षुल्लक वाटलं, तरी मला येऊन सांगायचं. मनात ठेवायचं नाही." ह्यांच्या मानेतल्या गाठी विरल्या तेव्हा डॉक्टरीणबाईंनी मला बजावलं होतं. पुढे लेकीचं लग्न झालं, नात शाळेत जायला लागली, आणि लिम्फोमा या गाठींच्या कॅन्सरचं नावच आमच्या घरातून हद्दपार झालं.

मग एके दिवशी वकीलसाहेब ह्यांनी शिवलेला नवा कोट घालून बघायला आमच्या शिंपीकामाच्या दुकानात आले. आरशासमोर थबकलेच.

"मास्तर, माझे दोन्ही हात डावे आहेत, ही बातमी विरुद्ध पार्टीनं पेरली का?"

हे हसले. मी मात्र जवळ जाऊन बाह्या पुन्हा निरखल्या. कापडाची दुहेरी घडी घालून बाह्या कापल्या, की एक उजवी, एक डावी आपोआप निघते. ह्यांनी घडीच घातली नव्हती.

"वय झालं बाबांचं," लेक फोनवर म्हणाली. "तू उगाच जिवाला घोर लावून घेतेस."

मी जपाला बसले तर माळ तिथंच, बोट तिथंच. कान दुकानाकडे. हे कात्री उचलत होते, खाली ठेवत होते, पुन्हा उचलत होते. माळ अर्धीच ठेवून उठले. देवाला म्हटलं, रागावू नकोस, डॉक्टरीणबाईंकडे जाऊन येते.

स्कॅन झाला, मेंदूतला तुकडा काढून तपासला. लिम्फोमा परतला होता, ह्या वेळी डोक्यात.

"इतक्या वर्षांनी?" मी डॉक्टरीणबाईंना विचारलं.

"क्वचित होतं असं. उपचार आहेत, पण वेळ घालवू नका. आजच दाखल करू."

हे ताडकन उठले. "आज जमायचं नाही. वकिलांचा कोट तसाच पडलाय."

"अहो, कोट कुठं पळून जातोय?"

"असला कोट दुकानात टांगून मला इथं झोप लागेल होय?"

"बाही मी करते."

"तू? जन्मभर काजं-बटणं केलीस तू!"

"घडी घालून कापायचं, एवढं कळतं मला."

"अगं वेडे, एकच बाही कापायची तर घडी कशाला? बाहीच्या मापाचा कागद पालथा ठेव, झालं." क्षणभर जुने मास्तर बोलले. मग त्यांनी माझं मनगट धरलं. "करशील ना? नक्की?"

"शब्द देते."

तेव्हा कुठं त्यांनी सलाईनच्या सुईसाठी हात पुढे केला.

दुपारी लेक येऊन उशाशी बसली. ह्यांचा डोळा लागला होता. मी दुकानाच्या किल्ल्या कनवटीला लावल्या आणि दार हळूच ओढून निघाले.