जमुनाचं गवत

मी एक जुना लोखंडी सरकता दरवाजा आहे. मित्रांनो, आमच्या शहरातल्या प्राणिसंग्रहालयात सिंहांच्या अंगणात साफसफाईला जायचे ते माझ्यातूनच.

पूर्वी आत नुसती फरशी होती. जमुना ही सिंहीण दिवसभर भिंतीच्या कडेने येरझाऱ्या घाली. मग प्राण्यांच्या डॉक्टर मेघा आल्या. कुणी दाट झाडी लावायला सुचवले, तेव्हा त्या म्हणाल्या, "दाट जंगल सिंहाला मानवत नाही. त्याला माळरान, उंच गवत, बोरी-बाभळीची सावली लागते. गीरचं रानही कोरडं आणि विरळच आहे." फरशी उखडली, गवत वाढले, जमुनाच्या येरझाऱ्या थांबल्या. पाहणाऱ्यांनी गवताचे कौतुक केले. माझ्या रुळात मात्र कुसळे साचली, गंज चढला. तेल घालायचे कुणाला सुचले नाही.

साफसफाईआधी सिंहांची निगा राखणारे शौकतभाई मांसाची बादली वाजवत. जमुना आणि तिचा जोडीदार सिंह, दोघेही बाजूच्या पिंजऱ्यात गेले की मदतनीस कडूबा पिंजरा बंद करी. त्या दिवशीही शौकतभाईंनी विचारले,

"कडूबा, दोन्ही आत?"

"व्हय भाई. रोजच काय इचारता? भ्या वाटतंय व्हय?"

"भितो म्हणून तर जिता हाय."

कडूबाने डोकावलेच नव्हते. जमुना रोज येते, म्हणजे आजही आली असणार, असे त्याने धरले होते. पिंजऱ्यात सिंह एकटाच मांस तोडत होता.

शौकतभाई विळा घेऊन आत शिरले. उन्हाने गवत पिवळे पडले होते, अगदी जमुनाच्या अंगासारखे. त्यात शेपटीचा काळा गोंडा हलला. मी पाहिला, पण ओरडायला मला तोंड नाही. मग त्यांनीही पाहिला. ते पळाले नाहीत. पाठ न वळवता, एकेक पाऊल मागे टाकत माझ्याकडे येऊ लागले. समोरचे गवत त्यांच्या दिशेने हलत होते.

ते बाहेर पडताच कडूबाने मला ओढले. मी अर्ध्यात अडकलो.

"ढकल रे, ढकल!"

दोघांनी खांदा लावला. मी करकरत सरकलो, कडी पडली आणि जमुनाचा पंजा माझ्यावर आदळला.

देखरेखीचे सुदर्शनसाहेब धावत आले. "उद्याच्या उद्या सगळं गवत कापून टाका!"

शौकतभाई जमिनीवर बसले होते. "नाय साहेब. ती तिच्या घरात बसली व्हती. चूक आपली हाय. तेल मागवा आधी."

गवत राहिले. आता विचारण्याआधीच कडूबा जाळीला डोळा लावून दोन्ही सिंह पाहतो.

मित्रांनो, सिंहाला त्याचे गवत राहू द्या. आणि त्याच्या व तुमच्या मध्ये उभ्या असलेल्या दाराला विसरू नका.