तीन लाल टाके

"आप्पा, राहू द्या. मी ओवते."

"मी काय मेलोय?" सासरे म्हणाले, आणि दोरा चौथ्यांदा सुईचं नाक चुकवून बाहेर गेला.

अख्खी गल्ली त्यांना मास्तर म्हणते. पन्नास वर्षं शिवणकाम केलं त्यांनी. कोपऱ्यावरच्या देवळातल्या मुरलीधराचा दरवर्षीचा झगा तेच शिवतात. तीस वर्षांत एकदाही खाडा नाही. माणसांशी बोलायचं तर तोंडातून शब्द फुटत नाही, पण देवाचं कापड बेतताना त्याच्याशी तासन्‌तास गप्पा. यंदा मात्र उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टरांनी सांगितलं, हे वाढतच जाणार. उद्या सकाळी झगा द्यायचा होता आणि निळी मखमल अजून घडीतच होती.

शेवटी त्यांनी कात्री माझ्याकडे सरकवली. मला भरून आलं, पण लगेच शिंगंही फुटली. मी गणवेशाच्या कारखान्यात फक्त बाह्या शिवते, दिवसाला दोनशे. बघता बघता दोन बाह्या त्यांच्यापुढे टाकल्या.

त्यांनी एकीवर दुसरी ठेवून पाहिली आणि हसत सुटले.

"अगं, देव काय परेडला उभा आहे?"

दोन्ही अगदी सारख्या होत्या. मुरली वाजवणाऱ्याचा डावा हात छातीवरून पलीकडे जातो, त्याला बाही लांब लागते, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. इतकी वर्षं रोज त्याच्यापुढे हात जोडले, पण त्याच्या हातांकडे कधी धड पाहिलंच नव्हतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"होतं असं," आप्पा म्हणाले. "आता मी सांगतो, तू काप. घाई नको. त्याला काही कामावर जायचं नाहीये."

दिवसभर ते सांगत राहिले आणि मी शिवत राहिले. शिलाई वाकडी गेली की हूं करायचे, मी उसवायची. दुपारनंतर ते हूं करायचेच थांबले.

झगा झाला तेव्हा गळ्याच्या पट्टीत आतून मी तीन लाल टाके घातले. ती त्यांची खूण. गिऱ्हाइकाच्या सदऱ्यापासून देवाच्या झग्यापर्यंत प्रत्येक कपड्यात असायची. म्हटलं, तेवढंच त्यांना बरं वाटेल.

त्यांनी पट्टी उलटून पाहिली.

"हे उसव."

"का? तुमचाच तर झगा आहे."

"तेच ना. तीस वर्षं म्हणत आलो, देवा, सगळं तुझं. आणि आतून हळूच माझं नाव टाकत आलो."

"मग माझी खूण घालू?" मी चेष्टेने विचारलं. खरं सांगते, चेष्टा अर्धीच होती.

"घाल की. शिवलास तूच."

मी लाल दोरा उसवला. सुई हातात घेऊन थोडा वेळ बसले. मग ती टाचण्यांच्या उशीत खोचून टाकली.

सकाळी झगा अंगावर चढला. डावी बाही मनगटापर्यंत बरोबर पोचली आणि माझा जीव भांड्यात पडला. पुजारीबुवांनी सवयीने गळ्याची पट्टी उलटली.

"मास्तर, खूण राहिली की!"

"उसवली, बुवा. इतकी वर्षं टोचत असेल त्याला."

बुवा हसले. आरती सुरू झाली. आप्पा मागे, भिंतीला टेकून उभे, उजवा हात डाव्या हाताने घट्ट धरलेला. बुवांनी मान वळवून पाहिलं आणि छोटी घंटी त्यांच्यापुढे धरली. आप्पांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग डाव्या हाताची पकड सोडली आणि उजव्या हातात घंटी घेतली.

हात थरथरत होता. घंटी एकदाही थांबली नाही.