फ्रीज अजून गार झाला नाही

टेम्पो खाली उभा राहिला तेव्हा मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. एक टॉवेल वाळत घालायला किती वेळ लागावा याचं काही मोजमाप नसतं, म्हणून फ्रीज उतरून जिना चढेपर्यंत मी तिथेच होते. फ्रीज माझ्या धाकट्या जावेचा. आमच्या फ्रीजपेक्षा हातभर उंच, दोन दारांचा, आणि असा चकचकीत की त्यात तोंड बघून वेणी घालावी. आमचा पांढरा आहे. म्हणजे घेतला तेव्हा पांढरा होता.

पण उंचीचं मला काही नव्हतं. चकचकीतपणाचंही नव्हतं. बरं, थोडं होतं. खरं पोटात दुखलं ते वेगळ्याच कारणाने.

आमच्या सासूबाईंना डायबेटिस आहे. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन घ्यावं लागतं. त्या राहतात धाकटीकडे, कारण तिच्याकडे स्वयंपाकघराला लागून एक खोली जास्त आहे. पण तिचा जुना फ्रीज कधीचाच बंद पडलेला, म्हणून इन्सुलिनची बाटली माझ्या फ्रीजच्या दारात. आमची घरं समोरासमोर. सकाळी उठल्या की सासूबाई स्वेटर चढवतात आणि कानाचं यंत्र मुठीत धरून माझ्याकडे येतात. रात्री ते यंत्र काढून ठेवलं की उशाशी ढोल बडवले तरी त्यांना पत्ता नसतो. धाकटी त्यांना खांदा हलवून उठवते. यंत्र त्यांचं त्यांना बसवता येत नाही, बोटं वळत नाहीत. ते मी बसवते. मग सुई टोचते. मग खाणं, मग चहा. आणि मग त्या बोलतात.

काय बोलतात म्हणाल तर काही नाही. कोणाच्या लग्नात कोण रुसलं, कालची माझी भाजी कशी खारट होती, आमचे सासरे झोपेत कोणाशी भांडायचे. मी लग्न होऊन आले तेव्हा या बाई माझ्याशी बोलायच्या त्यात निम्मे हुकूम असायचे आणि निम्मे टोमणे. आता सकाळचा तो अर्धा तास माझा आहे. घरातलं बाकी सगळं आमच्या ह्यांचं नाहीतर मुलांचं. बाटली समोरच्या घरात गेली की अर्धा तासही तिच्यामागून जाणार, हे कळायला काही पंडित व्हावं लागत नाही.

तेवढ्यात धाकटी दारात आली. "ताई, या ना बघायला. आता आईंना थंडीत पॅसेज ओलांडून यायला नको."

पॅसेज म्हणजे काय घाट लागून गेला? तिच्या पायपुसण्यावरून माझ्या पायपुसण्यावर पाय ठेवायचा. पण मी हसले. "बरं झालं बाई एकदाचा आला," म्हटलं आणि गेले. दातओठ खाऊन हसता येतं, मला चांगलं जमतं.

भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, प्लग हातात घेऊन तयारच होते. धाकटीने टोमॅटो, दूध, कालची उसळ, सगळं ओट्यावर मांडून ठेवलं होतं. नवी पालवी फुटल्यासारखी दोघं नुसती डुलत होती.

"थांबा," मी म्हटलं. "टेम्पोत आडवा होता ना हा?"

"हो. उंच आहे, उभा मावेना."

"मग लावू नका. आडवा आणला की आतलं तेल नळ्यांमध्ये चढतं. उद्यापर्यंत नुसता उभा राहू दे. घाईने लावलात आणि मशीन बसलं तर बसा मग."

भाऊजींनी प्लग असा खाली ठेवला जसं काही त्यात साप होता. माझा सल्ला शंभर टक्के बरोबर होता, कोणालाही विचारा. माझा एक दिवस वाढला तो त्यातून आपोआप, सुंठीवाचून खोकला गेला त्याला मी काय करू?

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी जावा फ्रीज पुसायला बसलो. कोपऱ्याकोपऱ्यांतल्या चिकटपट्ट्या काढल्या. काचा आणि भाजीचा ट्रे बाहेर काढून धुतला. कोमट पाण्यात खायचा सोडा घालून आतून पुसून घेतलं, दाराच्या रबराच्या घड्यासुद्धा बोटाने. कारखान्याचा वास गेल्याशिवाय दूध ठेवलं तर दुधालाही कारखान्याचा वास लागतो. मग वर पाण्याचा पेला ठेवून पातळी पाहिली आणि भाऊजींना पुढचे पाय फिरवायला लावले, दार सोडलं की आपणहून बंद होईल इतपत. शेवटी प्लग लावला. आत दिवा लागला आणि धाकटीच्या तोंडावर उजेड पडला. तोंड तसंही नेहमी उजळलेलंच असतं तिचं.

"आता ठेवू, ताई?"

"काय ठेवतेस? आधी रिकामा गार होऊ दे." मी घरून माझा फ्रीजचा थर्मामीटर आणला आणि पाण्याच्या पेल्यात बुडवून मधल्या काचेवर ठेवला. "मागे माझ्या फ्रीजमध्ये मागच्या भिंतीला लागून एक बाटली गोठली होती. गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यावं लागतं. म्हणून सांगते, आकडा दोन आणि आठच्या मध्ये आला आणि तिथे टिकला, तरच बाटली इकडे. बटण चारावर ठेवलंय. हात लावायचा नाही."

धाकटीने मान डोलावली. सासूबाई खुर्चीवर बसून बघत होत्या. "फार शहाणी आहे ही," एवढंच म्हणाल्या. दोघींपैकी कोणाला, ते कळलं नाही.

खोटं कशाला बोलू, रात्री आडवी झाल्यावर माझ्या मनात एकच होतं. देवा, निघू दे काहीतरी त्याच्यात.

सकाळी आकडा बघायला गेले. तेरा.

"अरेरे," मी म्हटलं. आतून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. मग बटणाकडे लक्ष गेलं. ते चारावर नव्हतं, शून्यावर होतं, म्हणजे फ्रीज बंदच. मी चारावर आणलं आणि पोरांपैकी कोणी खेळलं असेल म्हणून सोडून दिलं. दुसऱ्या सकाळी परत तेरा, बटण परत शून्यावर. टोमॅटो ओट्यावर मऊ पडायला लागले होते. दूध रोज माझ्या फ्रीजमध्ये येत होतं, आणि धाकटी रोज "ताई, तुम्हाला उगीच त्रास" म्हणून ते घेऊन जात होती.

तिसऱ्या खेपेला ती बोलली. हातातलं फडकं पिळत, माझ्याकडे न बघता. "ताई, रागावू नका. पण त्या बटणाला तुमच्याशिवाय कोणी हात लावत नाही."

माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला. यालाच म्हणतात चोर सोडून संन्याशाला फाशी. आणि संताप कशाचा, तर मी ते केलंच नव्हतं. मनात आलं होतं, एकदा नाही, दहादा आलं होतं. बोट शिवशिवलं होतं. पण लावलं नव्हतं. केलं असतं आणि ऐकून घेतलं असतं तर निदान वसूल तरी झालं असतं.

"मला काय पडलंय गं तुझ्या फ्रीजचं?" मी म्हटलं. "तूच बसलीस आकाशपाताळ एक करून नवा फ्रीज आणायला. कशाला, तर म्हणे आईंना थंडी."

"थंडीसाठी नाही आणला," ती म्हणाली. आता तिने माझ्याकडे बघितलं. "आई माझ्याकडे झोपतात, ताई. बोलतात तुमच्याकडे. माझ्याकडे नुसत्या घोरतात. त्यांचं अंथरूण मी घालते, पाय मी चेपते, आणि मामंजी झोपेत भांडायचे हे मला तुमच्या मुलीकडून कळतं. मलाही वाटतं सकाळी कोणीतरी माझ्या स्वयंपाकघरात बसावं."

वाईट वाटायला हवं होतं. वाटलं ते असं की, म्हणजे हिचा डोळा आधीपासूनच माझ्या अर्ध्या तासावर होता तर. मी भाऊजींच्या अवजारांच्या डब्यातून हिरवी चिकटपट्टी काढली, तिच्यासमोर बटण चारावर ठेवलं आणि वरून पट्टी घट्ट दाबून लावली. "घे. आता बघू कोण हात लावतं ते." म्हटलं आणि तरातरा घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई नेहमीसारख्या आल्या. मी बाटली काढली, त्यांनी यंत्र माझ्या तळहातावर ठेवलं. आधी सुई टोचावी म्हणून मी त्यांच्या स्वेटरची बाही वर सरकवायला गेले. बाहीला कोपराजवळ काहीतरी चिकटलं होतं. हिरवं. बोटभर लांब.

मी ती पट्टी सोडवून हातात धरली आणि नुसती बघत राहिले. त्याच वेळी उघड्या दारातून धाकटी आत आली. "ताई, परत तेरा. आणि पट्टी कोणी तरी..." तिने माझ्या हातातली पट्टी बघितली. मग सासूबाईंची वर गेलेली बाही बघितली.

सासूबाईंनी आमच्या दोघींच्या तोंडांकडे आळीपाळीने पाहिलं, पट्टीकडे पाहिलं आणि मान ताठ केली.

"घरघर करतो तो फ्रीज," त्या म्हणाल्या. "रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही मला. म्हणून बंद केला. काय चुकलं?"

त्यांचं कानाचं यंत्र तेव्हा माझ्या डाव्या तळहातावर होतं.

धाकटीची नजर त्या यंत्रावर गेली. रोज खांदा हलवून उठवते ती त्यांना, तिला वेगळं सांगायची गरज नव्हती. मला बोलायचं तर खूप होतं. छाती अशी भरून आली होती की ओरडून साऱ्या इमारतीला सांगावं, बघा, म्हातारी माझ्यासाठी अंधारात उठते, चाचपडत जाते आणि नवाकोरा फ्रीज बंद करते. माझ्या खारट भाजीसाठी, माझ्या चहासाठी. मी जिंकले होते. आणि समोर धाकटी फडक्याला हात पुसत होती, कोरडेच हात.

"हो, घरघरतो खरा," ती मोठ्याने म्हणाली, सासूबाईंना ओठांवरून कळावं म्हणून तोंड त्यांच्याकडे करून. "भिंत बदलायला सांगते ह्यांना." आणि गेली.

संध्याकाळी भाऊजींनी फ्रीज दुसऱ्या भिंतीला सरकवला, पाय परत फिरवले, आणि नव्या वस्तूंची घरघर सुरुवातीला असतेच यावर आम्हा सगळ्यांना व्याख्यान दिलं. पुरुषांना काहीच कळत नाही ते एका अर्थी बरंच असतं. सासूबाई खुर्चीवर बसून ऐकत होत्या. आता भिंत बदलल्यावर बटण बंद करायला त्यांच्याकडे कारण उरलं नव्हतं, आणि ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

पुढच्या सकाळी धाकटीने मला हाक मारली. मी गेले. बटण चारावरच होतं. मी पेला बाहेर काढला.

"किती, ताई?"

पाच होता. अगदी हवा तसा पाच. मला नऊ म्हणता आलं असतं, पेला माझ्याच हातात होता. पण जिंकलेल्या माणसाला खरं बोलायला काही लागत नाही. "पाच," मी म्हटलं. "झाला तुझा फ्रीज. बाटली आणून देते."

धाकटीने माझ्या हातातून थर्मामीटर घेतला. खिडकीपाशी नेला. उजेडात धरून नीट बघितला, चांगला वेळ घेऊन.

"मला तर नऊ दिसतंय," ती म्हणाली.

"पाच आहे अगं. पुन्हा बघ."

"नऊच आहे, ताई. एवढ्यात बाटली हलवायला नको. बिघडली तर?" तिने थर्मामीटर पुसून माझ्या हातात ठेवला. मग ओट्यावरचे उरलेसुरले टोमॅटो उचलले, भाजीच्या ट्रेमध्ये ठेवले, दूध दारात ठेवलं, आणि दार सोडलं. ते आपणहून बंद झालं. "आई उठल्यात. तुमच्याकडेच यायला निघाल्यात, जा तुम्ही."

मी पॅसेजमध्ये आले. सासूबाई माझ्या दारात उभ्या होत्या, मूठ मिटलेली, कपाळावर आठ्या. मला हवं ते सगळं माझ्याकडेच राहिलं होतं. तरी पोटात परत दुखलं, फ्रीज जिना चढताना दुखलं होतं तसंच. मन मोठं करायचं तर ते मी करायला हवं होतं, थोरली मी आहे. तेवढंही त्या बयेने माझ्याआधी केलं.